‘नंतर सांगते’ हे उत्तर नको

एकत्र आंध्र प्रदेशाच्या काळात, 2007 साली, आरोग्यश्री योजना सुरू झाली आणि ऐकू न येणाऱ्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशनही तिच्यात आलं. लाखांच्या घरातला खर्च सरकारनं उचलला, म्हणून आदिलाबाद जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या घरांतली लेकरंही हैदराबादच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचू शकली. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतही 2014च्या सुधारित नियमांनी एका इम्प्लांटसाठी 6 लाखांपर्यंतची तरतूद झाली. तेव्हा दोन-तीन वर्षांची असलेली मुलं आता मिसरूड फुटलेली, कॉलेजात जाणारी झाली आहेत. त्यांना किती ऐकू येतं याचे रिपोर्ट घरोघरी जपून ठेवलेले असतात. पण ती एवढी चिडतात का, चारचौघांत गप्प का होतात, शाळेतून आल्याबरोबर इम्प्लांटचं बाहेरचं मशीन काढून कोपरा का धरतात, हे विचारायला घेऊन जाण्याची जागा सहसा कुणाला माहीत नसते. ज्या घरात असं वाढत्या वयाचं मूल आहे आणि ज्या शिक्षकाच्या वर्गात ते बसतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मशीनबद्दल एक गोष्ट आधी पक्की करून घेऊ, कारण निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. निरोगी कानात आवाज मज्जातंतूपर्यंत पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. त्यांच्याऐवजी इम्प्लांटमध्ये, कंपनीनुसार, 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. एवढ्यावर मेंदू भाषा उभी करतो, ही थक्क करणारीच गोष्ट आहे. पण म्हणूनच शांत खोलीत समोरासमोर फाडफाड बोलणारं मूल लग्नाच्या मांडवात, पंखे घरघरणाऱ्या वर्गात किंवा आदिलाबादच्या बसस्टँडवर गोंधळून जातं. इम्प्लांट एकाच कानात असेल तर हाक कुठल्या बाजूनं आली तेही कळत नाही. इतर मुलांच्या कानावर बोलणं आपोआप पडतं. याला ते सतत गोळा करावं लागतं: अर्धे शब्द कानानं, थोडे ओठांवरून, बाकीचे अंदाजानं. दिवसभर हे केल्यावर चार वाजता घरी आलेलं मूल दप्तर फेकतं, धाकट्या बहिणीवर खेकसतं, जेवायला बोलावलं तर येत नाही. आपण त्याला हट्टी ठरवतो. बहुतेक वेळा ते नुसतं थकलेलं असतं.

शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास मशीन काढून बसायची मुभा त्याला उघडपणे द्या. त्या वेळात हाका नकोत, अभ्यास नको, ‘आजी आली आहे, तिच्याशी बोल’ हेही नको. लहानपणी थेरपिस्टनी ‘जागेपणी सतत मशीन’ असं बजावलेलं असतं आणि ते त्या वयात अगदी बरोबर होतं. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र आपल्या शांततेवर थोडा हक्क हवा असतो. तो मिळाला की संध्याकाळी मूल आपणहून मशीन लावतं, असा बऱ्याच घरांचा अनुभव असतो.

थकवा आणि बिघाड यांत मात्र गल्लत होऊ देऊ नका. नीट वागणारं मूल आठवडाभरात चिडखोर झालं, मशीन लावायलाच नको म्हणू लागलं, ‘डोकं दुखतं’ म्हणू लागलं, तर समजावणं आणि रागावणं दोन्ही बाजूला ठेवून आधी मशीन बघा. वायर तुटली आहे का, बॅटरी दिवस निघेल इतकी टिकते का, लोहचुंबकाखालची कातडी लाल झाली आहे का? एप्रिल-मेमधल्या घामानं मशीनचा प्रोसेसर खराब होतो, म्हणून रात्री तो ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायलाच हवा. आपल्याकडचा डिसेंबर-जानेवारी उभ्या तेलंगणात सगळ्यात कडक. घट्ट कानटोपी आणि मफलरखाली चुंबकानं डोक्याला चिकटलेली कॉइल दिवसभर सरकत राहते, आवाज तुटक येतो आणि मास्तरांना वाटतं, पोराचं लक्ष नाही. हे सगळं ठीक असेल तर मॅपिंग, म्हणजे मशीनची मुलापुरती केलेली जुळवणी, जुनं झालं आहे का ते विचारा. आत बसवलेल्या भागात बिघाड होणं दुर्मीळ आहे, पण झालाच तर बरेचदा मुलाच्या बोलण्याआधी त्याच्या वागण्यातून तो दिसतो. म्हणून ‘वय आलं, दुसरं काय!’ असं म्हणून सोडून देण्याआधी ऑडिओलॉजिस्टला फोन करा.

घरातलं बोलणं

माझ्या मते या मुलांच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते चिडवणं किंवा मार्क नव्हे, तर आपल्याच घरातलं एक साधं उत्तर. जेवताना सगळे हसतात. मूल विचारतं, “काय झालं?” आणि कुणीतरी म्हणतं, “काही नाही बाबू, नंतर सांगते.” ते ‘नंतर’ कधी येत नाही. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पोळी तव्यावर असते, विनोद सांगून संपलेला असतो, पुन्हा सांगितला तर त्यात गंमत उरत नाही. पण दिवसातून चार वेळा, दहा वर्षं हेच ऐकलेल्या मुलाला एक दिवस कळून चुकतं की या घरातलं बोलणं आपल्यासाठी नसतंच. मग ते विचारणं बंद करतं, मान डोलवायला शिकतं आणि मोबाइलमध्ये डोकं घालतं. आपण म्हणतो, मोबाइलनं बिघडवलं.

नुकसान दुखावण्यापुरतं राहत नाही. माणसं कशी वागतात हे ऐकू येणारी मुलं बाजूला खेळताना ऐकलेल्या बोलण्यातून शिकतात. काकू माहेरी का गेली, बाबांनी सावकाराचं नाव निघताच विषय का बदलला, ताई ‘बरं आहे’ म्हणाली तरी रडवेली का होती, हे त्यांना कुणी शिकवायला बसत नाही. इम्प्लांटवाल्या मुलापर्यंत समोर बसून बोललेलं पोचतं, भिंतीपलीकडलं पोचत नाही. त्याला माणसांचे चेहरे बदललेले दिसतात, कारण दिसत नाही. इतरांच्या मनात काय चाललं असेल ते ओळखणं या मुलांना उशिरा जमतं आणि सोबत्यांशी जमवून घेताना अडचणी जास्त येतात, असं जगभरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांची भाषा चांगली तयार झाली त्यांना हा त्रास कमी, हेही त्यांतच दिसतं. आणि भाषा म्हणजे स्पष्ट उच्चार नव्हेत. सांगता येणं, विचारता येणं, भांडता येणं हे सगळं त्यात येतं.

तेव्हा रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद. सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडेल असा दिवा. एका वेळी एकानं बोलायचं, निदान तसा प्रयत्न करायचा. विषय बदलला की कुणीतरी तो सांगायचा: “आता कपाशीच्या भावाचं चाललंय.” एवढ्या एका वाक्यानं मुलाचं अंदाज बांधण्याचं निम्मं काम वाचतं. हसण्याचं कारण लगेच सांगा, विनोद शिळा झाला तरी चालेल. घरातलं भांडण, आजारपण, कर्ज, मामाचं लग्न मोडलं ते, वयाला झेपेल तेवढं त्याच्याशी समोर बसून बोला. अशा घरात धाकट्या भावंडांना बहुतेक सगळं आधी कळलेलं असतं आणि मोठ्याला काहीच माहीत नसतं. ते त्याच्या लक्षात येतंच.

भावनांच्या शब्दांचंही तेच आहे. ‘राग’ आणि ‘खुशी’ हे दोन शब्द थेरपीच्या चित्रांतून येतात. पण रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं, धास्ती वाटणं, हेवा वाटणं, कसंतरीच होणं यांची चित्रं नसतात. हे शब्द घरच्या बोलण्यातूनच येतात. ज्या मुलाकडे एकच शब्द आहे ते प्रत्येक वेळी रागच दाखवतं. म्हणून स्वतःबद्दल मोठ्यानं बोला: “तुझ्या मावशीनं लग्नाला बोलावलं नाही, मी हिरमुसले आहे. राग नाही आला, वाईट वाटलं.” हे शिकवण्यासारखं वाटू नये. सहज, भाजी निवडताना झालं तर जास्त लागू पडतं.

भाषा कुठली, हा आपल्या जिल्ह्यातला खास प्रश्न. बेला, जैनथ, तामसीकडच्या किंवा पैनगंगेकाठच्या गावातल्या मराठी घरातलं मूल हैदराबादला तेलुगूत थेरपी घेतं, बाजारात हिंदी ऐकतं, शाळेत इंग्रजी शिकतं, आणि घरी कुणीतरी सुचवतं की मराठी आता बंद करा, पोर गोंधळतं. माझा सल्ला उलटा आहे. आईला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं आणि गोष्ट सांगता येते ती भाषा घरातून काढू नका. मोडक्यातोडक्या तेलुगूत आई सूचना देऊ शकेल, पण मन मोकळं करण्याची सवय तिथे लागणार नाही. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू. एकाहून अधिक भाषा इम्प्लांटची मुलं शिकू शकतात. फक्त प्रत्येक भाषेत त्यांच्याशी भरपूर आणि समोरासमोर बोलणारं माणूस हवं.

शाळा आणि सोबती

शिक्षकांकडून फार काही लागत नाही, पण जे लागतं ते रोज लागतं. इम्प्लांटचा कान शिक्षकाकडे येईल अशी पुढची जागा, फळ्याकडे तोंड करून न बोलणं, न कळल्यास तेच वाक्य ओरडून न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगणं. ओरडल्यानं शब्द स्पष्ट होत नाहीत, चेहरा मात्र रागीट दिसतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तर त्या तासाला तोंडी शिकवणं सोडा आणि फळ्यावर लिहा. दुसऱ्या मुलानं उत्तर दिलं की कोण बोललं ते बोटानं दाखवा. ‘कळलं का?’ हा प्रश्न टाळा, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता काय करायचं आहे, सांग’ असं विचारा.

मुलालाही एक हत्यार द्या. नुसतं ‘काय?’ म्हटलं की समोरचा वैतागतो. त्याऐवजी “रविवारी जायचं ते कळलं, कुठे ते नाही कळलं” असं म्हणायची घरी सवय करा. समोरच्याला कळतं की हा ऐकत होता. न कळलेलं कबूल करायला धीर लागतो, आणि तो घरात पुन्हा विचारल्यावर कुणी वैतागलं नाही तरच येतो.

‘मशीनवाला’, ‘रोबो’ अशी नावं पडतात. प्रत्येक वेळी आईवडिलांनी शाळेत धाव घेतली तर मूल आणखी एकटं पडतं. कधीच घेतली नाही तर सोसत राहतं. मारहाण, मशीन ओढणं, लपवणं, व्हिडिओ काढून पाठवणं झालं तर शाळेशी लगेच आणि लेखी बोला. नुसती नावं ठेवत असतील तर काय उत्तर द्यायचं ते मुलाबरोबर बसून ठरवा. वर्गात मशीनची माहिती द्यायची का, आणि दिली तर कुणी, हेही त्यालाच ठरवू द्या. काही मुलं कॉइल उघडून चुंबकाची गंमत दाखवतात आणि वर्ग जिंकतात. काहींना त्या कल्पनेनंच घाम फुटतो. दोन्ही ठीक आहे.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 17व्या कलमात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सोयींचा उल्लेख आहे. तेलंगणात 2018च्या कायद्यानं शाळांत तेलुगू सक्तीची झाल्यापासून मराठी माध्यमातल्या मुलांवर भाषांचा भार वाढला आहे, त्यामुळे ही सूट मोलाची आहे. परीक्षेतून जरूर घ्या. पण तेलुगूच्या तासाला मुलाला ग्रंथालयात बसवू नका. कबड्डीचा संघ, चहाची टपरी, पुढे नोकरीतले सहकारी बहुतेक तेलुगूच बोलणारे असणार आहेत. मंडल पातळीवर समग्र शिक्षाची ‘भविता’ केंद्रं आहेत. तिथल्या विशेष शिक्षकांना या अर्जांची आणि शाळेशी कसं बोलायचं याची माहिती असते.

आणखी एक. तुमचं मूल गावात एकटंच असं असेल तर त्याला त्याच्यासारखं दुसरं कुणी भेटवा. मॅपिंगसाठी हैदराबादचा साधारण तीनशे किलोमीटरचा प्रवास करता, रांगेत तासन्तास बसता, तेव्हा शेजारच्या कुटुंबाचा नंबर घ्या. मुलांची गाठ घालून द्या आणि आपण जरा लांब जाऊन बसा. टाइप करून गप्पा मारणं या मुलांना फोनपेक्षा कितीतरी सोपं जातं. ‘तुझं मशीन पण लग्नात बंद पडतं का?’ हे दुसऱ्या एखाद्या मुलानं विचारण्याला जो अर्थ आहे तो कुठल्याही समुपदेशनाला नाही. सिकंदराबादला वाचा-श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुख्य संस्था मुंबईत वांद्र्याला, 1983 पासूनची.   सिकंदराबादला गेलात तर पालकांचे गट आणि तरुणांचे मेळावे यांची चौकशी करा.

ज्यांचं ऑपरेशन वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षानंतर झालं त्यांच्यात बरेचदा बोलणं मोकळेपणानं येत नाही. अशा घरात एक न बोललेली निराशा असते आणि मुलाला ती स्वच्छ दिसते. त्याला खुणांची भाषा शिकू द्या. ‘हाताची सवय लागली तर बोलायचं राहील’ ही भीती दोन वर्षांच्या बाळाबद्दल असते तशी सतरा वर्षांच्या मुलाबद्दल धरून बसण्यात अर्थ नाही. त्याला आज मित्र हवे आहेत. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीला 2015 पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचा शब्दकोश व्हिडिओच्या रूपात फुकट बघता येतो. घरातल्या निदान दोघांनी त्याच्याबरोबर शिकावं.

मशीन कुणाचं?

दहाव्या वर्षापर्यंत मशीन आईचं असतं. ती लावते, पुसते, चार्ज करते. चौदाव्या वर्षी ते मुलाचं व्हायला हवं, आणि इथेच घरोघरी ठिणगी पडते. केस वाढवून ते झाकायचं की लाल कव्हर लावून मिरवायचं, हे त्याला ठरवू द्या. मुलींच्या बाबतीत तर घरचेच वेणी अशी घालतात की कॉइल दिसू नये, ‘पुढे स्थळं बघायची आहेत’ म्हणून. असं लपवलं की मुलगी एकच गोष्ट शिकते: आपल्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे. लग्नाची बोलणी होतील तेव्हा इम्प्लांटबद्दल पहिल्या भेटीत तिनंच सांगावं, तेही कॉइल न झाकता.

रागाच्या भरात मशीनची किंमत काढू नका. ‘लाखाची वस्तू आहे, कळतं का तुला?’ हे वाक्य या मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की काहींना खेळताना सतत धास्ती असते, काही खेळणंच सोडतात. रागात मशीन आपटणाऱ्या मुलाला नेमकं ठाऊक असतं की घरच्यांचं कुठे दुखतं. दुरुस्तीचे पैसे, वॉरंटी, विमा ही मोठ्यांची काळजी. ती मोठ्यांनी आपसांत करावी. सोळा-सतराव्या वर्षी मात्र हिशेब त्याला दाखवा, ओरडा म्हणून नाही, माहिती म्हणून. मॅपिंगची तारीख त्यालाच घेऊ द्या, ऑडिओलॉजिस्टशी आधी त्यालाच बोलू द्या. तुम्ही खोलीत असलात तरी त्याच्याऐवजी उत्तर देऊ नका. हे फार जड जातं.

रात्रीचा विचार क्वचितच कुणी करतं. झोपताना मशीन उतरलं की पूर्ण शांतता, त्यात वीज गेली की ओठही दिसत नाहीत. मोठी मुलंसुद्धा या वेळी घाबरतात आणि सांगायला लाजतात. उशाशी टॉर्च, खोलीत चार्जिंगचा दिवा, आणि उठवायचं झालं तर आधी उजेड, मग खांद्यावर हात, असा नियम करा. केसलापूरच्या नागोबा जत्रेसारख्या गर्दीत जाताना चुकल्यास कुठे भेटायचं ते आधी ठरवा, जादा बॅटरी खिशात द्या. डीजेसमोर त्याला मशीन काढावंसं वाटलं तर काढू द्या.

वयात येण्याबद्दलची माहिती मुलं एकमेकांच्या कानात कुजबुजून मिळवतात आणि कुजबूज इम्प्लांटमधून नीट कळत नाही. पाळी, शरीरातले बदल, आकर्षण, संमती हे सगळं समोर बसून, नेमके शब्द वापरून सांगा. वाईट हेतूचा माणूस ‘याला सांगता येणार नाही’ अशा मुलाला हेरतो. कुणी काय केलं हे सांगायला लागणारे शब्द आणि सांगितलं तर घरचे ऐकतील हा भरवसा, दोन्ही आधीच दिलेलं हवं. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या.

मदत कधी घ्यायची

चिडचिड ही थकव्याची असेल तर सुट्टीत कमी होते. दोन-तीन आठवडे सुट्टीतही मूल खिन्न राहिलं, झोप आणि जेवण बिघडलं, आवडत्या गोष्टी सुटल्या, स्वतःला इजा केली किंवा ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोललं, लिहिलं, स्टेटसवर टाकलं, तर थांबू नका. आदिलाबादला रिम्स या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठी आणि तेलुगूतही, विनामूल्य बोलता येतं. फोनवरचं ऐकणं मुलाला जड जात असेल तर पहिला फोन तुम्ही करा.

डॉक्टरांकडे जाताना स्पीच थेरपिस्टचे रिपोर्ट बरोबर न्या. या मुलांशी सवय नसलेल्याला त्यांची तुटक उत्तरं मंदबुद्धीची वाटू शकतात किंवा गप्प राहणं नैराश्याचं. डॉक्टरांना मास्क उतरवून, उजेडात बसून, छोट्या वाक्यांत बोलायची विनंती करा आणि लागेल ते लिहून दाखवू द्या. काही वेळ मुलाला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. त्याच्या सगळ्या गोष्टी आईच्या तोंडून ऐकण्याची सवय डॉक्टरांनाही लवकर लागते.

आणि हे विसरू नका: डोक्यात इम्प्लांट आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, कंपनीचं कार्ड दाखवा. मेंदूला विजेचे झटके देण्याचा उपचार या रुग्णांना करू नये, असा इशारा उत्पादकच देतात. एमआरआय करायची झाली तर इम्प्लांटचं मॉडेल बघून, ऑपरेशन केलेल्या केंद्राला विचारूनच. ते कार्ड आईच्या कपाटात न राहता मुलाच्या पाकिटात असू द्या, आणि त्याचा फोटो मुलाच्या आणि घरातल्या आणखी दोघांच्या मोबाइलमध्ये.